पिसले कोणी, कापले कोणी?

दिवाळीचा पाडवा आला, की घरोघरी पत्त्यांचे जोड कपाटातून बाहेर निघतात. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही एक नाव आहे. त्या दिवशी शंकर आणि पार्वती द्यूत खेळले ही कथा सांगून, एरवी पत्त्यांना हात न लावणारी मंडळीही दोन डाव टाकून घेतात. आमचा त्यावर काही आक्षेप नाही. चिंचोक्यांवर किंवा कवड्यांवर खेळलेल्या डावाने कुणाचा संसार बुडाल्याचे ऐकिवात नाही.

परंतु या घरगुती डावात एक रीत असते, तिच्याकडे आज वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. पत्ते पिसतो एक आणि कापतो दुसरा. काका पत्ते पिसतात, मग जोड शेजारच्या पुतण्यापुढे धरतात. तो वरचा गठ्ठा उचलून खाली ठेवतो आणि मगच वाटप सुरू होते. हे कशासाठी? काका लबाड आहेत म्हणून नव्हे, तर काकांना लबाड म्हणण्याची पाळी कुणावर येऊ नये म्हणून. जगातल्या साऱ्या तपासणीखात्यांचे मूळ या एका साध्या रीतीत आहे, असे म्हटले तरी चालेल.

आता पत्ते कागदाचे राहिले नाहीत, काचेवर आले. नाणे किंवा नोट घेणारे यंत्र पाच पत्ते दाखवते. त्यांतले ठेवायचे ते ठेवावे, नको ते टाकावे, यंत्र त्यांच्या जागी नवे देते. याला व्हिडिओ पोकर म्हणतात. गोव्याने १९९२ साली आपल्या जुगारविषयक कायद्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रावरच्या जुगाराला वाट करून दिली, आणि पुढे १९९६ साली जहाजांवरच्या जुगारालाही. तेव्हापासून जोडून सुट्टी आली की पुण्याकडच्या काही गाड्या मांडवीच्या काठाला लागतात. ज्यांना गोवा परवडत नाही त्यांच्यासाठी गल्लीत ‘व्हिडिओ गेम’ची पाटी असते आणि पाटीच्या मागे पडदा. पडद्यामागे काय चालते, हे राज्यात ठिकठिकाणी पडलेल्या पोलिसांच्या छाप्यांतून पुष्कळदा बाहेर आले आहे. आणि गेल्या काही वर्षांत तर पडद्याचीही गरज उरली नाही; पत्त्यांचा डाव खिशातल्या फोनवरच मांडला गेला.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात हा विषय करमणुकीचा नाही. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, मागोमाग आकुर्डी-चिंचवडला मोटारींचे आणि स्कूटरींचे कारखाने उभे राहिले, आणि पुढे कांद्याच्या बाजारासाठी व संग्रामदुर्गासाठी ओळखले जाणारे चाकण गाव मोटारींचे गाव झाले. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आणि परप्रांतांतून आलेली हजारो तरुण मुले येथे चौघांत एक खोली घेऊन राहतात. त्यांतली पुष्कळ कंत्राटावर असतात. रात्रपाळी सुटली की दिवस मोकळा, घर लांब, हातात फोन आणि महिन्याच्या सात-आठ तारखेला खात्यात पगार. अशा मुलाला कुणीतरी विचारतो, “अरे, तुझे पैसे यंत्रात गेले कसे?” आणि तो उत्तर देतो, “नशीब! यंत्र कशाला लबाडी करील? त्याला काय पोट आहे?”

यंत्राला पोट नसते हे खरेच. पण यंत्रवाल्याला असते. तेव्हा यंत्र पत्ते कसे पिसते, हे एकदा नीट पाहू.

यंत्रात पत्ते नसतातच. बावन्न पत्त्यांना बावन्न क्रमांक दिलेले असतात, आणि यंत्रातली चिप सतत आकडे काढत असते. कुणी खेळत नसले तरी ते आकडे सेकंदाला शेकड्यांनी, हजारांनी पळत राहतात. आपण बटण दाबतो त्या क्षणी जो आकडा हाताशी असेल, त्यावरून आपले पत्ते ठरतात. हे आकडे ‘अनिश्चित’ दिसतात, पण बहुतेक यंत्रांत ते गणिती सूत्राने काढलेले असतात. उदाहरण घ्या. कोणताही दोन अंकी आकडा धरा, त्याला २१ ने गुणा, त्यात १७ मिळवा आणि उत्तराचे शेवटचे दोनच अंक ठेवा. ५ पासून आरंभ केला तर पुढे २२, ७९, ७६, १३, ९० असे आकडे येतात. कुणालाही वाटावे, की काय बेताल आकडे आहेत! पण सूत्र ज्याला ठाऊक त्याला ९० नंतर ०७ येणार, हे आधीच ठाऊक. शिवाय बारकाईने पाहा: शेवटचा अंक ५, २, ९, ६, ३, ० असा दर वेळी तीनने उतरतो आहे. शंभर पावले चालून गेल्यावर हा फेरा पुन्हा ५ वर येतो. खऱ्या यंत्रांतली सूत्रे याहून फार मोठी आणि फार चांगली असतात, त्यांचा फेरा माणसाच्या आयुष्यात पुरा होत नाही. पण जात हीच. म्हणजे यंत्राचे पिसणे हे नशीब नव्हे, ती कुणीतरी लिहून ठेवलेली कृती असते.

चाकणच्या कारखान्यात सीएनसी यंत्रावर उभ्या राहणाऱ्या मुलाला हे वेगळे सांगावे लागू नये. त्याचे यंत्र दिवसभर जे लोखंड कापते, ते प्रोग्राममध्ये भरलेल्या आकड्यांप्रमाणे कापते. यंत्र लबाडी करत नाही आणि इमानदारीही करत नाही. जे भरले ते करते. मग प्रश्न राहतो तो असा, की भरले काय?

आता न्यायाची गोष्ट म्हणून आधी यंत्राची बाजू मांडू. चांगल्या सूत्राने, चांगल्या तपासणीखाली चालणारे यंत्र अगदी सरळ पत्ते वाटू शकते. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात असा नियमच आहे, की यंत्रात पत्ते दाखवायचे असतील तर प्रत्येक पत्ता निघण्याची शक्यता खऱ्या जोडात असते तेवढीच असली पाहिजे. चिप आधी प्रयोगशाळेत तपासली जाते आणि पुढे यंत्र जागेवर असतानाही अधिकारी अचानक येऊन ती पाहू शकतात.

आणि गंमत अशी, की सरळ यंत्रही खेळणाऱ्याला लबाड वाटते. बावन्न पत्त्यांतून पाच पत्त्यांचे २५,९८,९६० वेगवेगळे हात होतात. त्यांत सर्वांत मोठा हात, म्हणजे एकाच जातीचे एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी, फक्त चार. म्हणजे पहिल्या वाटपात तो मिळण्याची संधी ६,४९,७४० त एक; पत्ते बदलण्याची सवलत धरून, शहाण्या खेळाडूला सुमारे ४०,००० डावांत एकदा. साध्या प्रकारच्या यंत्रावर उत्तम खेळणाऱ्यालाही शंभरांत सुमारे ४५ डावांतच काही ना काही परत मिळते, बाकीचे कोरडे जातात. सलग आठ डाव कोरडे जाण्याची शक्यता १२८ त एक, असा हिशोब निघतो. ऐकायला हे दुर्मीळ वाटते. पण सराईत माणूस तासाला पाचशे डाव खेळतो, आणि त्या वेगाने आठ कोरड्या डावांची माळ तासाभरात एक-दोनदा येणारच. ती आली की तो यंत्रावर थाप मारतो आणि म्हणतो, “फिरवलं बघा!” यंत्राने काही फिरवलेले नसते. उलट अशी माळ कधीच आली नाही, तर मात्र संशय घ्यावा!

मग लबाडी होतच नाही की काय? होते. पण ती जिथे दिसते असे वाटते तिथे होत नाही.

लास व्हेगास येथे १९८९ साली उघडकीस आलेले एक प्रकरण प्रसिद्ध आहे. अमेरिकन कॉइन नावाची एक कंपनी दुकानांतून आणि दारूच्या गुत्त्यांतून व्हिडिओ पोकरची यंत्रे ठेवीत असे. त्यांतल्या अनेक यंत्रांच्या चिपमध्ये अशी योजना केलेली होती, की सर्वांत मोठे बक्षीस देणारा तो हात लागूच नये. किरकोळ बक्षिसे नेहमीसारखी मिळत. कंपनीचा परवाना गेला, जबर दंड झाला. आणि त्या प्रकरणात साक्ष देऊ शकणारा प्रोग्रामर १९९० साली आपल्या घरापाशी गोळ्या घालून मारला गेला.

या लबाडीतली खोच लक्षात घ्या. जो हात ४०,००० डावांत एकदा यायचा, तो आला नाही हे खेळणाऱ्याला कळणार कसे? तासाला पाचशे डाव धरले तरी तो सरासरीने ८० तासांनी एकदा दिसायचा. ८० तास खेळून तो दिसला नाही, तरी सरळ यंत्रातही तसे सहज घडू शकते. म्हणजे खात्रीने बोट ठेवायचे तर शेकडो तास खेळावे लागेल, तोवर खिसा रिकामा. लबाडी नेमकी तिथे केली, जिथे गिऱ्हाईकाची मोजपट्टी पोचत नाही. ती शोधली ती खेळाडूंनी नव्हे, चिप उघडून पाहू शकणाऱ्या सरकारी खात्याने.

त्या खात्याचीही कथा फार सोवळी नाही. रॉन हॅरिस नावाचा त्याच खात्यातला तज्ज्ञ, ज्याचे काम यंत्रे तपासण्याचे, त्यानेच तपासणीच्या निमित्ताने काही यंत्रांत आपली खूण पेरली. पुढे केनो नावाच्या आकड्यांच्या खेळाचे सूत्र हाती आल्यावर कोणते आकडे निघणार हे त्याने गणिताने काढले. १९९५ च्या जानेवारीत त्याच्या साथीदाराने अटलांटिक सिटीच्या जुगारगृहात एक लाख डॉलरचे बक्षीस जिंकले, तिथेच संशय आला आणि दोघे सापडले. कुंपणाने शेत खाण्याचा हा प्रकार.

तिसरी हकीकत इंटरनेटवरच्या पोकरची. १९९९ साली एका कंपनीने आपण पत्ते किती सचोटीने पिसतो हे लोकांना पटावे, म्हणून पिसण्याचे सूत्रच जाहीर केले. बावन्न पत्ते मांडण्याचे प्रकार इतके, की ती संख्या ६८ आकडी होते. पण त्या सूत्राचा आरंभ संगणकाच्या घड्याळावरून होत असे, आणि दिवसात मिलिसेकंद असतात फक्त ८ कोटी ६४ लाख. काही अमेरिकन तज्ज्ञांनी हे ओळखले आणि पाच पत्ते पाहून सगळ्यांच्या हातातले पत्ते सांगून दाखवले. येथे कुणाच्या मनात पाप नव्हते. नुसता हलगर्जीपणा होता. पण तो जाहीर केल्यामुळे सापडला, हेही विसरता कामा नये.

आपल्या देशातही हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. कर्नाटकातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानदारांनी परवान्याच्या सक्तीविरुद्ध दाद मागितली. एम. जे. सिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात १९९५ साली न्यायालयाने, अशा यंत्रांत फेरफार करून निकाल हवा तसा फिरवता येतो आणि खेळणाऱ्याचे कौशल्य त्यापुढे चालत नाही, याची दखल घेतली. आणि सरकारचे नियंत्रण योग्य ठरवले.

आता आमच्या मते जो खरा मुद्दा आहे, त्याकडे येऊ. समजा यंत्र सरळ आहे. चिप तपासलेली आहे, पत्ते पिसलेलेही बरोबर आहेत. मग खेळणाऱ्याला न्याय मिळाला का?

जुने वाचक मटका विसरले नसतील. न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावाच्या आकड्यांवर मुंबईत पैजा लागत. ते आकडे येणे बंद झाल्यावर १९६२ साली कल्याणजी भगत याने आणि पुढे १९६४ साली रतन खत्री याने आपापला मटका सुरू केला. खत्रीच्या मटक्यात पत्त्यांच्या जोडातून तीन पत्ते काढीत आणि त्यांच्या बेरजेचा शेवटचा अंक म्हणजे निकाल. दोन, पाच आणि सहा निघाले तर बेरीज तेरा, आकडा तीन. पत्ते चारचौघांसमोर निघत, म्हणून लोकांचा त्यावर गाढ विश्वास होता. तो विश्वास खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. पण हिशोब पाहा. आकडे दहा, आणि लागलेल्या आकड्याला एका रुपयाचे मिळत नऊ. म्हणजे पत्ते गंगेइतके निर्मळ असले तरी दर दहा रुपयांतला एक रुपया सरासरीने मटकेवाल्याच्या घरी जाणार. लबाडी करण्याची त्याला गरजच काय? सचोटी हाच त्याचा धंदा होता!

व्हिडिओ पोकरचे तसेच. यंत्राच्या काचेवर कोणत्या हाताला किती मिळणार याचा तक्ता असतो. एका प्रकारच्या यंत्रात तिडी आणि जोडी मिळून झालेल्या हाताला नऊपट आणि एकाच जातीच्या पाच पत्त्यांना सहापट मिळते. दुसऱ्यात तेच आठपट आणि पाचपट, तिसऱ्यात सहापट आणि पाचपट. पत्ते तिन्हीत सारखेच सरळ. पण बिनचूक खेळणाऱ्याला पहिले यंत्र शंभर रुपयांतले सरासरी ९९ रुपये ५४ पैसे परत देते, दुसरे ९७ रुपये ३० पैसे, तिसरे ९५ रुपये. दहा रुपयांचा डाव, तासाला पाचशे डाव, म्हणजे तासाला पाच हजारांची उलाढाल. पहिल्या यंत्रावर तासाला २३ रुपये जातात, दुसऱ्यावर १३५ आणि तिसऱ्यावर २५०. हे बिनचूक खेळणाऱ्याचे. रात्रपाळी करून तारवटलेल्या डोळ्यांनी खेळणाऱ्याचे किती जात असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा. चिप न उघडता, एकही पत्ता न फिरवता, तक्त्यातला नवाचा सहा केला की काम झाले. आणि तो तक्ता काचेवर उघड छापलेला असतो. आपण मात्र पत्त्यांकडे डोळे लावून बसतो.

म्हणून ‘पत्ते सरळ वाटले जातात का’ हा प्रश्न बरोबर असला तरी अपुरा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन प्रश्न उभे आहेत: कापले कोणी आणि देणे किती?

आपल्या राज्यात पडद्यामागच्या यंत्राबाबत पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: कोणीच नाही. मुंबई प्रांताचा जुगारबंदीचा कायदा १८८७ सालचा. कॅसिनोंना परवानगी देऊन कर लावण्याचा एक कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला, पण तो कधी अमलात आला नाही, आणि २०२३ साली तो रद्द करण्याचे ठरले. हे योग्यच झाले असे आमचे मत आहे. परंतु त्याचा अर्थ हाही होतो, की चोरून चाललेल्या यंत्राची चिप तपासणारा अधिकारी असूच शकत नाही. जो माल मुळात नाहीच, त्याची तपासणी कोण करणार? यंत्रवाल्याने आत काय भरले आहे हे त्याला आणि भरणाऱ्यालाच ठाऊक. हरलेला माणूस तक्रारही करू शकत नाही, कारण तक्रार करायला गेला तर तोच आरोपी. ज्या पट्ट्यात एक साधा दांडा गेजमधून गेल्यावाचून पुढच्या टेबलावर जात नाही, तिथल्या कामगाराने कसल्याही तपासणीवाचून आलेल्या यंत्राला महिन्याची कमाई द्यावी, याचे नवल वाटते.

फोनवरच्या डावाचा प्रकार थोडा निराळा. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, तीन पत्तीसारखा निव्वळ नशिबाचा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटले. टाकलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, काय ठेवावे, काय टाकावे याला डोके लागते, हे खरेच आहे. त्या एका निकालाच्या आधारावर फोनवरच्या रमीचा मोठा व्यापार उभा राहिला. कंपन्या पत्ते पिसण्याच्या सूत्राला प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र असल्याची जाहिरात करीत, आणि ते प्रमाणपत्र खोटे होते असे म्हणण्याचे कारण नाही. पण कंपनी प्रत्येक डावातून आपली दलाली काढून घेत असे. चार मित्र आपापसांत रात्रभर खेळले तर पैसा चौघांतच फिरतो. पाचवा प्रत्येक डावाला मूठभर उचलू लागला, तर पहाटेपर्यंत चौघेही हरलेले असतात. आणि समोर बसलेले तिघे खरोखर तीन आहेत की एकमेकांना पत्ते सांगणारी एक टोळी, हे प्रमाणपत्र सांगत नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरात पिंपरी-चिंचवड पोलीस दलातल्या एका उपनिरीक्षकाला फोनवरच्या क्रिकेटच्या खेळात दीड कोटी रुपयांचे बक्षीस लागले. सगळ्या महाराष्ट्रात त्याची चर्चा झाली. थोड्याच दिवसांत त्यांना निलंबित करण्यात आले, तीही चर्चा झाली. पण त्याच डावात हरलेल्यांची चर्चा कुठेच झाली नाही. ते थोडे असतात म्हणून नव्हे, फार असतात म्हणून. दीड कोटी आकाशातून पडत नाहीत. ते थेंबाथेंबाने गोळा झालेले असतात, आणि थेंबाला कुणी नाव विचारीत नाही. पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंदी घालणारा कायदा संमत केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले. खेळणाऱ्याला नव्हे, खेळवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला शिक्षा, असे त्याचे धोरण आहे. बंदीने मटका संपला नव्हता हे आम्हांला ठाऊक आहे. परंतु वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर नटांनी आणि क्रिकेटपटूंनी बोलवावे, आणि मुलाने जावे, एवढे तरी थांबले.

वाचक म्हणतील, की मग संगणकाच्या आकड्यांवर विश्वासच ठेवू नये काय? तसे नाही. याच शहरात २०२१ च्या आरंभी पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या चऱ्होली, रावेत आणि बोऱ्हाडेवाडी येथील ३,६६४ घरांची सोडत निघाली. म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीत चाकणजवळच्या म्हाळुंग्याची घरे असतात. त्याही सोडती संगणकच काढतो. तोही आकडेच पिसतो. पण तिथे फरक आहे. यादी आधी जाहीर होते, सोडत लोकांसमक्ष होते, निकाल छापला जातो, आणि शंका असलेला माणूस अर्ज करून विचारू शकतो. म्हाडाकडे भरलेली अनामत रक्कम घर न लागल्यास परत मिळते. घरे थोडी आणि गरजू फार, तेव्हा निवड करायला नशिबाइतका निष्पक्ष पंच दुसरा नाही. तिथे नशीब वाटणी करते. जुगारात ते वसुली करते. आकडा तोच, पण धनी वेगळा.

महाभारतात नळराजाची कथा आहे. द्यूतात राज्य गमावून तो ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. वाटेत ऋतुपर्णाने बेहड्याच्या एका झाडाकडे पाहून त्याची पाने आणि फळे किती, हे सांगितले. नळाने काय केले? घाई असतानाही रथ थांबवला, खाली उतरला आणि मोजून पाहिले. संख्या बरोबर निघाली, तेव्हाच त्याने राजाकडून फाशांची विद्या घेतली आणि राज्य परत मिळवले. पुराणातल्या जुगाऱ्यांत शहाणा ठरला तो हाच एक. आणि तो शहाणा ठरला, कारण त्याने राजाच्या शब्दावरही न मोजता विश्वास ठेवला नाही.

तेव्हा यंदाच्या पाडव्याला घरात डाव मांडाल, तर तरुण मुलांना हे तीन प्रश्न शिकवून ठेवा. पिसतो कोण? कापतो कोण? लागले तर देणे किती, आणि ते संधीच्या मानाने पुरे आहे का? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर नसेल तर तिसरा विचारण्यात अर्थ नाही. आणि तिन्ही प्रश्नांना उत्तर असेल, तर तिसऱ्याचे उत्तर पेन्सिल घेऊन काढावे. ते काढल्यावर पैसे लावण्याची इच्छा बहुधा राहत नाही. आणि तरीही राहिलीच, तर चिंचोके आहेतच.